लातूरच्या दवाखान्यातलं कुरतडलेलं पान

"ओ बाई! ओ चिपळूणच्या बाई! त्या पानाचा फोटो घेऊ नका! दुसरं घ्या! एवढं रान पडलंय, दुसरं घ्या!"

मी सोयाबीनच्या दोन ओळींच्या मध्ये उताणी पडले होते. पाठीखाली जळकोट तालुक्याचा काळाभोर चिखल, छातीवर कॅमेरा आणि डोळ्यांसमोर एक पान. अळीनं ते असं खाल्लं होतं की नुसत्या शिरा उरल्या होत्या, आणि मागून ऊन येत होतं. आमच्या आळीतल्या क्रोशावाल्या बायकांनी ती जाळी पाहिली असती तर सुया मोडून वाशिष्ठी नदीत टाकल्या असत्या.

बांधावरून शिवराजअप्पा बंद छत्री नाचवत येत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, गळ्यात इष्टलिंग, डोक्याला पांढरा रुमाल, आणि आवाज असा की शेजारच्या तालुक्यातली कबुतरं उडावीत. उडालीच. मी पाहिली.

"काय झालं अप्पा?"

"काय झालं म्हणून काय इचारता! अळीनं खाल्लेलं पान हाय ते. आन् तुमी ते लातूरला दवाखान्यात लावणार. आमचा अर्धा तालुका तिथं बाळंत व्हायला जातो! बाया खाली बसून म्हणतील, बघा गं, शिवराजअप्पाच्या रानात अळी पडलीय, म्हातारा फवारा मारत न्हाई!"

"अप्पा, पानावर काय शेतकऱ्याचं नाव लिहिलेलं असतं?"

"मी माझ्या रानाचं पान वळखतो. मग त्या वळखणार न्हाईत व्हय?"

मी उठले. मी उठले म्हणजे माझी पुढची बाजू उठली, मागची चिखलानं ठेवून घेतली. अप्पांनी छत्रीचा दांडा पुढं केला आणि मला उपटून काढलं. त्या दांड्याचे उपकार मी अजून मानते.

पण चिपळूणची बाई तिथं लोळत का होती, ते आधी सांगायला हवं.

मी पानांचे फोटो काढते. लग्नं, बारशी, पासपोर्ट यांत निम्मं आयुष्य घालवल्यावर मला शोध लागला की पान कधी "माझा चेहरा जाड आलाय" म्हणत नाही. ते फोटो मोठे करून मी लोकांच्या भिंतींसाठी देते. आमच्याकडच्या एका दाताच्या दवाखान्यात माझं केळीचं पान लावलंय. ते बघत बघत एक गृहस्थ इतके शांत झाले की डॉक्टरांनी त्यांची दाढ काढली, आणि शेजारी नुसते सोबतीला आलेले होते त्यांचीही काढली. दोघंही आभार मानून घरी गेले.

तर माझी भाची रेणुका लातूरला स्त्रियांची डॉक्टर आहे, तिचा फोन आला. "मावशी, माझ्या भिंतीवरची बाळं काढायची आहेत."

तुम्ही ती पाहिली असतील. सगळ्या प्रसूतिगृहांत असतात. गुबगुबीत, निळ्या डोळ्यांची, कुणी कोबीत बसलेलं, कुणी टोपलीत झोपलेलं. रेणुकाकडं महादेवी नावाची पेशंट होती. आधीची दोन्ही बाळं सातव्या महिन्यात गेली होती, आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. तपासणीला आली की भिंतीला पाठ करून बसायची. एके दिवशी म्हणाली, "मॅडम, ती लेकरं माझ्याकडं बघून हसत्यात. ती काढा."

रेणुकानं तिला माहेरी पाठवून पूर्ण विश्रांती सांगितली होती. घरामागच्या बेलाखाली बाज टाकून महादेवी दिवस दिवस पडून असे. सातवा महिना लागला की बाळंत होईपर्यंत तिला लातूरला भरती राहायचं होतं. "तिला विचारलं, तिथं काय लावू," रेणुका म्हणाली, "तर म्हणते, आमचं झाड. मावशी, एवढं करशील?"

चिपळूणला सगळे हसले. पानांसाठी कोकणातून मराठवाड्यात? म्हणजे मासे आणायला डोंगरावर जाण्यासारखं! मी पिशवी भरली आणि निघाले.

नांदेड

एका झाडासाठी एवढं जायचं, तर वाटेत आणखी चार पानं गोळा करावीत म्हणून नांदेडला उतरले. रिक्षावाल्याला म्हटलं, "गोदावरीच्या काठी एखादा चांगला पिंपळ दाखवा." त्यानं मागं वळून माझ्याकडं असं पाहिलं की समोरची म्हैस वाचली ती तिच्या पुण्याईनं.

"खाला, लोक इथं गुरुद्वारा बघायला येतात. तुम्हाला झाड पाहिजे?" त्यानं मला मावशीच करून टाकलं.

"झाड नाही. पान."

"एकच?"

"एकच पुरे."

त्याला आमचा व्यवहार कळला नाही, पण पटला. घाटाजवळ त्यानं एक पिंपळ दाखवला, आणि जाण्याऐवजी रिक्षा बंद करून माझ्यासोबत उभा राहिला. पिंपळाचं पान म्हणजे वळवळं पोर, वारा नसला तरी हलतं. मी टिपते, ते हलतं. शेवटी हा गृहस्थ झाडाखाली गेला, वर बघून त्यानं दम दिला, "ठैर रे बाबा! खाला कोकण से आयी है!" झाड थांबलं. शपथेवर सांगते, मी फोटो काढेपर्यंत पिंपळानं श्वास घेतला नाही.

मग तो मला घरी घेऊन गेला. आमच्याकडं पाहुण्याला "चहा घेणार का?" असं अशा सुरात विचारतात की शहाण्या पाहुण्यानं नको म्हणावं. इथं कुणी विचारलंच नाही. दारातून आत पाय टाकायच्या आधी हातात कप आला, आणि तो संपायच्या आधी दुसरा. त्याच्या बायकोनं माझा फोटो पाहिला आणि म्हणाली, "ह्याला बघून झोप येईल." माझ्या कलेची याहून चांगली तारीफ मी ऐकलेली नाही.

देगलूर

देगलूरच्या पानटपरीवर तीन राज्यं एकाच बाकावर बसतात. मी ओल्या फडक्यावरच्या विड्याच्या पानावर कॅमेरा धरला तेव्हा एकजण त्याला तेलुगूत आकू म्हणत होता, दुसरा कन्नडमध्ये एले म्हणत होता, आणि दोघंही एकमेकांना मराठीत शिव्या देत होते. पानवाल्यानं माझ्यासाठी ढीग उपसून सगळ्यात रुंद पान काढलं.

"हे भिंतीला लावणार म्हणता?"

"हो."

"मग चुना आधीच लागलेला असंल," असं म्हणून त्यानं ते पान फोटो झाल्यावर काथ-सुपारी घालून माझ्याच तोंडात दिलं. चित्राचा विषय खाऊन टाकायचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला. उत्तम होता.

जळकोटच्या अलीकडचं गाव

फाट्यावर महादेवीचे वडील, शिवराजअप्पा, मोपेड घेऊन उभे होते. मी, कॅमेऱ्याची पिशवी, ट्रायपॉड आणि शेंगतेलाचा डबा असे चौघे मागं बसलो. वाटेत ओढ्याजवळ मोपेड आडवी झाली. डबा वाचला. अप्पांनी आधी डब्याची विचारपूस केली, मग ट्रायपॉडची, मग माझी. अगदी योग्य क्रम. ट्रायपॉड महाग आहे.

घरामागं बेल होता, आणि बेलाखाली बाजेवर महादेवी. तिशीही न गाठलेली, बारीक, शांत. "तुमी मॅडमच्या मावशी ना? बसा. मला उठायची मनाई हाय." एवढंच बोलली. नवरा उदगीरला दुकानात असतो, पंधरा दिवसांनी येऊन जातो. सातवा महिना लागला होता, आणि त्या घरात त्याचा उच्चार कुणी करत नव्हतं. पाळण्याचं नाव नाही, कुंचीचं नाव नाही. तिची आई, जिला सगळे अव्वा म्हणत, दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून परसात यायची, लेकीकडं बघायची आणि काही न घेता परत जायची.

मला मात्र तिनं असं खाऊ घातलं, जणू कोकणात भूकबळी चालू आहेत. तव्यावरून उतरलेले धपाटे, वर दही, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी. आमच्याकडं "आणखी वाढू?" म्हणतात. इथं "खायाचं सोडून काय करून राहिल्या तुमी, नुसतं बघूनच राहिल्या" असं म्हणून ताटात पडतं. मी कमरेचा पट्टा दोन भोकं मागं घेतला. तिसरं भोक अप्पांनी खिळ्यानं पाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी तो सोयाबीनचा प्रकार झाला. अप्पा मला छत्रीनं उपटून घरी घेऊन आले आणि त्यांनी जाहीर केलं, "पानं मी देतो तुमाला. एक नंबर!"

श्रावण चालू होता. सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून सोमवारच्या पूजेचा बेल रविवारीच काढून ठेवतात. आणि महादेवाला वाहायचं पान कसं हवं? तीन दळांचं, अखंड. कुरतडलेलं, भोक पडलेलं, डाग असलेलं चालत नाही. ही निवड अप्पा जन्मभर करत आलेत. देवाला जे चालत नाही ते दवाखान्याला कसं चालेल? त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून पान न् पान उजेडात धरून पारखलं.

सोमवारी सकाळी मी उठले तर परातीत माझ्यासाठी पानं मांडलेली. धुतलेली, पुसलेली, आणि चमकणारी. इतकी की माझं तोंड दिसत होतं.

"अव्वा, हे काय लावलंय?"

"खोबरेल."

"पानांना?"

"फोटो काढायचाय ना? मग तेलपाणी नको?" अव्वानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी लहानपणी वळणात वाढलेच नव्हते. बरोबरच होतं तिचं. फोटो म्हणजे तोंड धुवायचं, डोकं चापून चोपून बसवायचं, मग समोर बसायचं. पानांना पावडर लावली नव्हती हे माझं नशीब.

मी मन लावून फोटो काढले. आले ते असे: लग्नातली वऱ्हाडी मंडळी, सगळी सरळ उभी, सगळ्यांची नाकं तेलकट. मी महादेवीला दाखवले. तिनं नीट पाहिले.

"चांगली हायत," ती म्हणाली. "देवाला वाहून टाका."

अव्वा आत गेली. मला वाटलं, आपणच एक फांदी तोडावी, तेलाशिवाय, नैसर्गिक. बेलाच्या काट्यांतून हात घातला, डहाळी धरली.

"मावशी! हात काढा! आज सोमवार हाय!"

आल्यापासून जिचा आवाज मी कुजबुजीच्या वर ऐकला नव्हता ती महादेवी ओरडली होती. आणि ओरडताना अर्धी उठून बसली होती.

घरातून झारा पडल्याचा आवाज आला. अव्वा धावत आली, अप्पा पूजेच्या सोवळ्यात तसेच आले. महादेवीनं एक हात पोटावर ठेवला होता आणि ती कुठंतरी आत ऐकत असल्यासारखी बसली होती. माझ्या हातात काटा रुतला होता, पण मला तो काढायचं धैर्य होईना. थापा मारण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या परसात मी फक्त तिच्या पोटावरचा हात बघत होते. माझ्या एका डहाळीपायी!

"काय न्हाई," महादेवी म्हणाली. "लेकरू हाललं."

अव्वानं तिला दोन्ही खांद्यांना धरून आडवं केलं. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ही मला मोपेडशिवाय फाट्यावर पोचवणार. तिनं माझा हात धरला, काटा उपटला, त्यावर हळद दाबली आणि म्हणाली, "उभ्या राहिल्या तर आणखी कायतरी तोडाल. तुमी बी पडा." आणि दुसरी बाज ओढून लेकीच्या बाजेला लावली.

पडले. आणि पडल्यावर मी वर पाहिलं.

उभ्यानं झाड पाहणं वेगळं. तिथं पडून पाहिलं तर बेलाचं पान नुसतं हिरवं राहत नाही. वरचं पान खालच्या पानावर सावली टाकतं, तीन दळांच्या तीन सावल्या आणि मग सहा होतात, कडा उजळतात, शिरा मोजता येतील अशा दिसतात. वारा आला की सगळी नक्षी सरकते आणि पुन्हा तशीच होते. ही पोरगी हे बघत आली होती, आणि मी परातीत तेल लावलेली पानं शोधत होते.

"ते बघा," ती म्हणाली. "दुसऱ्या फांदीला. कुरतडलेलं. मी आले तवा तिथं एक अळी व्हती. पाखराच्या शिटेसारखी दिसायची. मग हिरवी झाली. लई खायची. रोज बघायची मी तिला, कावळ्यानं न्हेली की काय म्हून. मग कोष केला. मग एक दिस काळंपिवळं फुलपाखरू निघालं, पंख वाळवत बसलं आन् गेलं."

"मग तेच घेऊ?"

"तेच घ्या."

"न्हाई!" अप्पा. "महादेवी, किड्यानं खाल्लेला बेल हाय तो. देवाला चालत न्हाई."

"देवाला वाहायचा न्हाई अप्पा. मला बघायचाय."

अप्पा सोवळ्यात उभे होते. त्यांनी पानाकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. मग तसेच घरात गेले. रागावले असं मला वाटलं. ते बाहेर आले ते अव्वाची घासून लख्ख केलेली परात घेऊन.

"खालून उजेड कमी पडतो ना तुमाला?" ते म्हणाले. "सकाळपासून कुरकुरताय."

पुढचा सगळा वेळ हा माणूस परात धरून, उन्हाचा कवडसा पानाखाली फेकत उभा राहिला. मध्ये एकदा हात हलला, आणि कवडसा शेजारच्यांच्या म्हशीच्या डोळ्यांवर गेला. ती दावं तोडून जी निघाली ती, माझ्या माहितीप्रमाणे, कर्नाटकात सापडली. पण फोटो मिळाला. बाजेवर पडून, महादेवीच्या डोक्याशेजारी डोकं ठेवून, तिला दिसतं तसा.

लातूर

लातूरला कापडावर छापून घेतला तेव्हा पान दरवाजाएवढं झालं. रेणुकानं निळ्या डोळ्यांची बाळं उतरवली. थोरल्या सिस्टरनी एक बाळ गुपचूप आपल्या कपाटात लावून घेतलं, तेवढं चालायचंच. व्हरांड्यात नांदेडचा पिंपळ, तपासणीच्या खोलीत देगलूरचं विड्याचं पान, आणि महादेवी येणार त्या खोलीत बेल. एका भिंतीवर खिडकीची चमक पडत होती, म्हणून मी समोरची निवडली. फार विचार करून निवडली.

शांतता पसरेल असा आमचा अंदाज होता. पसरली भक्ती. दुसऱ्याच दिवशी त्या खोलीबाहेर चपलांची रांग. भेटायला येणाऱ्या बाया आत येऊन आधी बेलाला हात जोडत, मग पेशंटला. एका आजींनी कुंकू लावलं. दुसऱ्या उदबत्ती काढणार तेवढ्यात आयाबाई किंचाळली, "मावशे, ऑक्सिजन हाय इथं! सगळ्याच देवाकडं जाऊ!"

"मावशी," रेणुका म्हणाली, "मी तुझ्याकडं चित्र मागितलं होतं. तू देऊळ बांधून दिलंस." पण रागावली नव्हती. बाहेरच्या बाकावरच्या बायका आता भिंतीकडं तोंड करून बसत होत्या, हे आम्ही दोघींनी पाहिलं होतं.

आणखी एक. ते सोयाबीनचं पान. अप्पा ओरडायच्या आधीच मी ते टिपलं होतं, आणि ते रेणुकाच्या केबिनमध्ये लागलं. लेकीला भरती करायला आलेले अप्पा त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी घाईनं म्हटलं, "कोकणातलं वालाचं पान आहे हो."

"कोकणात अळी लई दिसती," अप्पा म्हणाले. "फवारा मारत न्हाईत का?"

निघताना अव्वानं चटणीचा डबा, धपाट्यांचं गाठोडं आणि एक खण दिला. अप्पा फक्त "शरणार्थ" म्हणाले, तो त्यांच्याकडचा नमस्कार. महादेवी बाजेऐवजी लोखंडी खाटेवर होती, आणि माझा हळद लावलेला हात तिनं तपासून पाहिला. मी तिला बाळासाठी काहीच देऊ शकले नाही, कारण त्या घरात पुढचं बोलत नाहीत. नुसती निघून आले. गाडीत मला धपाट्यांमुळे दोन माणसांची जागा लागली, तरी शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. अर्धे त्यांनीच खाल्ले.

चिपळूणला येऊन मी रोज फोनकडं बघत होते आणि रोज स्वतःला सांगत होते की बघत नाहीये. गौरी-गणपती झाले, नवरात्र आलं. मग एका दुपारी अप्पांचा फोन आला. फोन कशाला हवा होता, तो आवाज सह्याद्री ओलांडून तसाही आला असता.

"बाई! लेक झाली! महादेवीला लेक झाली! दिस भरून! दोघी खुशाल हायत!"

मी रडले का? आमच्या आळीत पाणी शिरलं, लोक सामान माडीवर चढवायला लागले. मग मी चपला न घालता पेढे वाटून आले.

बाराव्या दिवसानंतर महादेवीशी बोलले. मागून बारीक कुरकुर ऐकू येत होती, ती मी आधी पोटभर ऐकून घेतली. मग राहवेना. माझं हे लेखन डोक्यात होतंच. म्हटलं, एवढे दिवस तू त्या खोलीत होतीस, समोर तुझं पान होतं. भीती वाटायची तेव्हा त्याच्याकडं बघून काय वाटायचं, ते मला सांग. लोकांना सांगेन.

"मॅडमनी डाव्या कुशीवर निजायला सांगितलं व्हतं," महादेवी म्हणाली. "पान पाठीमागं व्हतं."